भिंतीतलं बळद, पांढरीतलं पेव: जुन्या घरात लपलेलं असतं तरी काय?

उन्हाळा लागला की आमच्याकडे जुनी घरं पाडायचा हंगाम सुरू होतो. घरकुलाचा पहिला हप्ता खात्यात जमा झाला, की जेसीबी येतो आणि तीन पिढ्या उभी असलेली मातीची भिंत चहा उकळायच्या आत खाली बसते. दोन वर्षांपूर्वी आमच्या वेटाळात अशीच एक भिंत ओढली, तर आतून भसाभस काहीतरी सांडलं. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. पंधरा मिनिटांत निम्मं गाव गोळा. "काय निंघालं? हंडा भेटला काय?"

निघाली होती ज्वारी. म्हणजे एके काळची ज्वारी. किडीनं खाऊन नुसती टरफलं आणि करडं पीठ उरलेलं. गर्दी हिरमुसून पांगली. एक म्हातारी तेवढी थांबली. ढिगाऱ्यात काठी खुपसत म्हणाली, "बयद होय हे. माया सासूच्या टायमाचं असंन."

वऱ्हाडीत ळ चा य होतो, म्हणून बयद. पुस्तकी शब्द बळद. तिथं जमलेल्या पोरांपैकी एकालाही तो माहीत नव्हता. मात्र गुप्तधन हा शब्द सगळ्यांना माहीत होता, आणि त्याच्याभोवतीच्या दहा अफवाही. वाडा पाडताना नाणी सापडली, गढीत खोली निघाली, अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. त्या वाचल्यावर जे प्रश्न पारावर निघतात, त्यांची उत्तरं इथं एकेक करून देतो.

## बळद, पेव आणि बाकीची मंडळी

बळद म्हणजे घरातच भिंतींनी बंद केलेली धान्याची जागा. दोन जाड भिंतींच्या मध्ये दीड-दोन हातांची पोकळी ठेवायची, नाहीतर खोलीचा एक कोपरा आडवी भिंत घालून बुजवायचा. भरायचं तोंड वर, माळ्यावर. काढायचं भोक खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्या भोकात चिंध्यांचा बोळा, वरून शेणमातीचं लिंपण. बोळा काढला की ज्वारी आपसूक सूपात येते, पिठाच्या गिरणीत वरून टाकतो आणि खालून घेतो तसंच. बाहेरून बघणाऱ्याला दिसते ती सारवलेली भिंत.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र रुंद. मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलाय अशी कल्पना करा. आत कडबा-तुराट्यांचं अस्तर, वर ज्वारी, तोंडावर दगड किंवा फळी आणि माती. एखाद्या गोष्टीचं "पेव फुटलं" असं आपण सहज म्हणतो, ते हेच पेव.

पेव कुठंही खणून चालत नसे. गावाचे जुने दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात खड्डा करून ज्वारी ठेवली तर पहिल्याच पावसात तिची घुगरी. पांढरी उंचावर, कोरडी, न फुगणारी. म्हणून पेव आणि तळघरं सापडतात ती गावठाणात, गढीच्या पोटात. कपाशीच्या वावरात "तळघर हाये" असं कोणी सांगू लागलं तर पुढं ऐकायची गरज नाही.

बाकी फडताळाच्या मागचा चोरकप्पा, देव्हाऱ्याखालची फरशी, चुलीमागचा कोनाडा ही लहान मंडळी. बंडीला आतून चोरखिसा असतो ना, तसा हा घराचा चोरखिसा. पैसा-अडका, डाग-दागिने, खरेदीखतं असायची ती इथं.

## एवढं लपवायचं कोणापासून?

लुटारू सोन्याच्या मागं असतो. फौजेला आधी दाणा आणि वैरण लागते. आणि वऱ्हाडानं फौजा फार पाहिल्या. अठराव्या शतकात इथं दुअंमल होता, म्हणजे एकाच गावाकडून निजामाचाही वसूल आणि नागपूरकर भोसल्यांचाही. २९ नोव्हेंबर १८०३ ला आमच्याच भागातल्या आडगावला भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, आणि पुढच्या पंधरवड्यात गाविलगड पडला. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे उभ्या ज्वारीचे दिवस. हजारो घोडी, बैल आणि माणसं ज्या वाटेनं गेली, त्या वाटेवरच्या गावात उघड्या कणगीत काय उरलं असेल याचा अंदाज करा. त्यानंतर पेंढारी. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त करेपर्यंत धान्य दिसणार नाही अशा जागी ठेवणं हा शहाणपणा नव्हता, तो संसाराचा भाग होता.

चांदी-सोन्याची पाळी नंतर आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. शेतकऱ्याच्या हातात रोख रुपये आले, पण ठेवायचे कुठं? टपाल खात्याची बचत बँक देशभर सुरू झाली १८८२ मध्ये, आणि ती खेड्यात रुजायला आणखी काळ गेला. तोवर बँक म्हणजे भिंत.

हे सगळं फार जुनं वाटत असेल तर आजीला विचारा. सत्तरच्या दशकात ज्वारीची लेव्ही होती, ठरलेला वाटा सरकारला ठरलेल्या भावानं घालावा लागे. लेव्हीवाले येणार अशी कुणकुण लागली की आमच्याकडे कणगी अर्धी रिकामी आणि बळद तुडुंब. सोन्याचंही तेच. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत घरात सोन्याची चीप किंवा बिस्कीट ठेवणं हा गुन्हा होता. त्यामुळे भिंतीत जे निघतं ते सगळं राजेरजवाड्यांच्या काळातलंच असतं असं नाही. काही वेळा ते लपवणारा माणूस पारावर बसून तुमच्याकडे बघत असतो.

## बंद खोली आहे हे ओळखायचं कसं?

मंत्र नको, मशीन नको. टेप घ्या.

समजा घराची बाहेरून लांबी ४६ फूट. आत तीन खोल्या: ११, १० आणि ९, म्हणजे ३० फूट. चार भिंती अडीच-अडीच फुटांच्या, म्हणजे १०. बेरीज ४०. मग उरलेले ६ फूट गेले कुठं? सातबारावर क्षेत्र एक आणि मोजणीत दुसरं निघालं की आपण समजतो ना, बांध कोणीतरी सरकवलाय, तसंच हे. एक जादा भिंत आणि तीन-चार फुटांची पोकळी असं त्याचं उत्तर असू शकतं. मोजताना एक काळजी घ्या. मातीची भिंत बुडाशी जाड आणि वर निमुळती असते, त्यामुळे सगळी मापं एकाच उंचीवर घ्यायची. नाहीतर फूटभर फरक उगाच निघतो आणि रात्री झोप लागत नाही.

मग माळ्यावर जा. बळदाचं तोंड वरच असतं, फळीनं झाकलेलं. खाली भिंतीच्या बुडाशी सारवणाचा वेगळा दिसणारा गोल डाग शोधा. टकटक करून फार कळत नाही; रिकामी पोकळी डबडब वाजते खरी, पण भरलेलं बळद भिंतीसारखंच मुकं असतं.

## सापडलं. आता उतरू का?

नाही. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

साठवलेलं धान्य जिवंत असतं. प्रत्येक दाणा श्वास घेतो, हवेतला प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यात ओल असेल तर बुरशीही हेच काम करते, तेही कितीतरी वेगानं. उघड्या ढिगात हे जाणवत नाही. पेवाचं तोंड मात्र बंद, त्यामुळे आतला प्राणवायू संपत जातो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. विहिरीत जसं पाणी तळाशी साचतं तसा तो खड्ड्यात साचून राहतो, तोंड उघडलं तरी लगेच वर येत नाही. त्याला रंग नाही. नाकाला कळेल असा वास नाही.

आपल्या नेहमीच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो दहाच्या खाली गेला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो, त्याहून खाली गेला तर एक-दोन श्वासांतच. गुदमरतोय हे कळून ओरडायला वेळच मिळत नाही. वरचा माणूस बघतो, खालचा नुसता बसलेला दिसतो. "चक्कर आली वाटते" म्हणून तो उतरतो. मग तिसरा. अशा अपघातांत एका घरातली दोन-तीन माणसं जातात ती यामुळं.

यावर नेहमीचा आक्षेप: "आमचे आजे तर कंदील सोडून पाहत अन् उतरत." बरोबर आहे. तोंड उघडून बराच वेळ ठेवायचं, मग दोरीनं दिवा सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन गडी. ही पद्धत शहाणी होती, पण अर्धीच खात्री देणारी. ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते, म्हणजे दिवा विझला तर धोका नक्की. दिवा जळत राहिला तर मात्र सगळं ठीक आहे असं ठरत नाही, कारण विषारी वायू थोडासा असला तर ज्योतीला त्याचं काही वाटत नाही. शिवाय तळाशी कुजलेला गाळ असेल तर पेट घेणारा वायूही असू शकतो, तिथं दिवा सोडणं म्हणजे आगीला आवतन. आता सरळ अग्निशमन दलाला कळवावं. तोवर तोंड उघडं ठेवून पोरांना लांब बसवावं. वरून टॉर्च मारून बघायला काही हरकत नाही, आणि शंभरातल्या नव्वद वेळा तेवढ्यानंच उत्सुकता भागते.

या जोडीला एक नवं संकट आहे. किडीसाठी धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यांच्यातून फॉस्फिन हा जहरी वायू सुटतो. बळदाला लागून झोपायची खोली असेल आणि मधली भिंत भेगाळलेली असेल तर तो वायू अंथरुणापर्यंत येतो. राहत्या घरात या गोळ्या नकोतच.

हवा न लागल्यानं माणूस मरतो तशीच कीडही मरते. पेवातली ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची त्याचं कारण हेच. कडेचा थर सडे, मधल्या दाण्याला आंबूस वास लागे, पण दुष्काळात तो वास कोण बघतो? आज बाजारात धान्यासाठी हवाबंद पिशव्या मिळतात त्यांचं तत्त्वही पेवाचंच आहे.

## आणि तो राखणदार नाग?

नाग खरंच असतो. लोक खोटं बोलत नाहीत, फक्त कारण उलटं सांगतात. दाणा तिथं उंदीर, उंदीर तिथं साप. त्यातून तळघर थंड आणि अंधारं. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात तुम्ही साप असता तर कुठं गेला असता? धन असो वा नसो, तो बसणारच. त्याला नारळ वाहण्याऐवजी सर्पमित्राला फोन करा.

## भुयार खरंच नरनाळ्याला निघतं का?

आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक गढीचं भुयार नरनाळ्याच्या किल्ल्यात निघतं. पलीकडच्या गढ्यांची भुयारं गाविलगडाला. बाळापूरच्या किल्ल्याबद्दलही अशीच कथा ऐकली आहे. हे सगळं खरं असतं तर पूर्णेचं खोरं उंदरांच्या बिळांसारखं पोखरलेलं असतं आणि एस.टी. कधीच खाली गेली असती.

जरा गवंड्याच्या डोक्यानं विचार करा. पूर्णेच्या खोऱ्यात खोलवर गाळाची आणि चिकणमाती आहे, खडक नाही. अशा मातीत कित्येक कोस लांब बोगदा करायचा तर तो सबंध दगडानं बांधून काढावा लागेल. हवेसाठी थोड्या-थोड्या अंतरावर वर झरोके काढावे लागतील, म्हणजे गुप्तपणा संपला. पावसाळ्यात पाणी भरेल ते वेगळं. खरी असतात ती लहान भुयारं: तटाखालून बाहेर पडायचा चोरदरवाजा, विहिरीच्या बांधकामातली खोली, एका तळघरातून दुसऱ्यात जायची वाट. आत गेलेलं पोर ढासळलेल्या मातीपाशी अडतं आणि परत येऊन सांगतं, "पुढं लय दूर जाते." कथा तिथून सुरू होते.

## हंडा खरंच निघाला तर तो कोणाचा?

पारावर यावर दोनच मतं असतात: "सगळं सरकार नेते" आणि "आपल्या घरात निघालं ते आपलं". दोन्ही चूक.

यासाठी भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा कायदा आहे. निखात म्हणजे पुरलेलं. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली मोलाची वस्तू म्हणजे निखात निधी. घराची भिंत जमिनीला जोडलेलीच असते, त्यामुळे "जमिनीत नव्हतं, भिंतीत होतं" ही पळवाट चालत नाही. मूळ कायद्यात मर्यादा दहा रुपयांची आहे; त्याहून अधिक किमतीचं काही सापडलं की सापडणाऱ्यानं, म्हणजे ज्याच्या हाती ते लागलं त्यानं, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठं, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा ती हजर करू याची हमी द्यायची. खेड्यात हे पोलीस पाटील आणि तहसीलदारांच्या मार्फत होतं.

मग जाहीर सूचना निघते. दावा असणाऱ्यांना हजर व्हायला चार ते सहा महिन्यांमधली तारीख मिळते. त्या वस्तूवर कोणाचा हक्क नाही असं ठरलं तर वाटणी होते, आणि इथं सगळे चमकतात: तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. दोघांत आधी काही करार झाला असेल तर त्या करारानुसार. म्हणजे पाया खणताना मजूर हा सापडणारा ठरला, तर कायद्याच्या हिशेबात मोठा वाटा त्याचा. घरमालकांना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढे पैसे देऊन घेता येते.

## "पण आमच्या पणजोबानंच ठेवलेलं आहे"

असेल. सिद्ध करा. लपवल्याला शंभर वर्षं झाली नसतील आणि लपवणाऱ्याचे तुम्ही वारस असाल, तर जिल्हाधिकारी काम थांबवून तुम्हाला दिवाणी न्यायालयात हक्क शाबित करायला वेळ देतात. जुना फेरफार, वाटणीपत्र, डागांची यादी असलेली वही, लग्नातला फोटो, जे असेल ते लागेल. पण कळवण्यातून सूट नाही.

"कोणाले कळते?" हा पुढचा प्रश्न. सगळ्यांना कळतं. जेसीबीवाला, दोन मजूर, भाऊबंद, आणि ज्या सराफाकडे तुकडा नेला तो. लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. वर त्याचा वाटाही सरकारजमा. जागामालकानं साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद. प्रामाणिकपणे कळवलं असतं तर हातात आलं असतं तेही जातं, हा यातला खरा मूर्खपणा.

भिंतीतल्या डब्यात पाचशे-हजाराच्या २०१६ साली रद्द झालेल्या नोटा निघाल्या तर? त्या आता कागद आहेत, आणि अशा दहाहून जास्त नोटा जवळ ठेवणं २०१७ च्या कायद्यानं दंडाचं काम आहे. बहुतेकदा उधई आणि उंदरांनी तो प्रश्न आधीच सोडवलेला असतो.

## पायाळू, मांत्रिक आणि गिन्न्यावाले

पायाकडून जन्मलेल्या पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत अजून आहे. ज्यांना ते दिसतं म्हणतात त्यांची स्वतःची घरं मी पाहिली आहेत, कुडाची आहेत. हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण गुप्तधनासाठी अघोरी पूजा होतात, त्यात मुलांचे जीव धोक्यात येतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाखाली होणारी अघोरी कृत्यं येतात. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. असं काही चाललंय हे कळलं तर सरळ पोलिसांना सांगावं, गावात वाईट दिसेल याचा विचार करू नये.

दुसरी जमात गिन्न्यावाल्यांची. गिन्नी म्हणजे सोन्याचं नाणं. "खोदकामात गिन्न्या निंघाल्या, भीतीनं स्वस्तात देतो" असा फोन येतो. पहिली गिन्नी खरी देतात, सराफही खरी सांगतो. मग तुम्ही तीन एकर गहाण टाकून पिशवीभर घेता. ती पितळेची.

## नाणी घासू नका

हे शेवटी आलं, पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. नाणी सापडली की पहिल्यांदा चिंच लावून घासतात. घासल्यानं अक्षरं झिजतात, आणि नाण्याचं नाणेपण अक्षरांत असतं. शंभर वर्षांवरचं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवान्याशिवाय त्याचा धंदा करता येत नाही.

१९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. हजाराहून अधिक नाणी, पण पोटिनची, म्हणजे तांबं-शिसं-कथील यांच्या मिश्रणाची. मोडीत कोणी चहापुरते पैसे दिले असते. त्यांच्यावर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं निघाली, जी पुराणांच्या राजवंशावळीत नाहीतच. वऱ्हाडातल्या त्या हलक्या धातूच्या ढिगानं राजांची यादी बदलली. ती चिंचेनं घासली असती तर?

आमच्या वेटाळातल्या त्या बळदाच्या जागी आता स्लॅबचं घर उभं आहे. मालकानं गवंड्याला बाजूला घेऊन देवघराच्या टाइलमागं एक चोरकप्पा करवून घेतला, कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घालून. कोणती टाइल ते मला गवंड्यानंच सांगितलं, त्याच दिवशी, पानठेल्यावर.